घर बांधताय? सळई, वाळू, वीट आणि काँक्रीट पास की नापास हे साइटवर कसं ठरवायचं

घराच्या कामात माल कमी दर्जाचा होता हे बहुतेकांना कळतं तेव्हा तो काँक्रीटच्या आत जाऊन बसलेला असतो आणि मग काही करता येत नाही, निदान स्वस्तात तरी नाही. मी गावाकडे घर बांधलं तेव्हा सळईवाला, वाळूवाला, मिस्त्री, शेजारीपाजारी सगळे एकच सांगायचे, काळजी करू नका, माल एक नंबर आहे. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, पण एक नंबर कशावरून असं विचारलं की उत्तर मिळायचं नाही. खरं तर उत्तर छापील आहे. भारतीय मानक ब्युरोने म्हणजे बीआयएसने सळई, सिमेंट, वाळू, वीट, काँक्रीट प्रत्येकाचं मानक काढलंय, त्यात पास व्हायला काय लागतं ते आकड्यात दिलंय आणि तो आकडा मोजायचा कसा तेही दिलंय. त्यातलं निम्मं तरी आपण स्वतः साइटवर मोजू शकतो, उरलेलं लॅबकडून करून घ्यायचं.

हा लेख तळमजला किंवा वर एक मजला असं घर बांधणाऱ्यांसाठी आहे, जिथे रोज साइटवर इंजिनिअर उभा नसतो आणि मालकालाच बघावं लागतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरची जागा हा लेख घेणार नाही, तो माणूस हवाच.

सुरू करण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. प्रत्येक चाचणीची एक वेळ असते. सळईची चाचणी गाडी रिकामी व्हायच्या आधी, वाळूची ट्रॉली उलटी करायच्या आधी, स्लंपची, म्हणजे काँक्रीट किती पातळ झालंय त्याची, माल सेंट्रिंगवर जायच्या आधी. ती वेळ टळली की चाचणीतून माहिती मिळते, पण "परत न्या" म्हणायची ताकद जाते. म्हणून खाली सगळं कामाच्या क्रमानेच दिलंय.

लागणारं सामान

- किराणा दुकानात असतो तसा ग्रॅम दाखवणारा डिजिटल वजनकाटा
- चांगला स्टीलचा टेप आणि हॅकसॉ
- सरळ उभ्या बाजूंची काचेची किंवा पारदर्शक प्लास्टिकची बरणी, थोडं मीठ
- लिटरच्या खुणा केलेली बादली
- स्लंप कोन आणि १५० मिमीचे क्यूब मोल्ड (विकत घ्यायची गरज नाही, बऱ्याच टेस्टिंग लॅब डिपॉझिटवर देतात)
- न पुसणारा मार्कर, वही, मोबाईलचा कॅमेरा

१. करारात आकडे लिहून घ्या

बहुतेक करारांत "काम उत्तम प्रतीचे करण्यात येईल" एवढंच असतं. या वाक्यावर उद्या भांडताही येत नाही, कारण मोजायला त्यात काहीच नाही. त्याऐवजी सरळ लिहा: सळई आयएस १७८६ (आयएस म्हणजे बीआयएसचं मानक) प्रमाणे एफई ५००डी ग्रेडची, काँक्रीट एम२० (२८ दिवसांनी दर चौरस मिमीला २० न्यूटन दाब सोसणारं) किंवा ड्रॉइंगमध्ये असेल तो ग्रेड, क्यूब टेस्ट (त्याच मालाचे ठोकळे फोडून ताकद बघणं) एनएबीएल या लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या लॅबमधून, नापास माल कॉन्ट्रॅक्टरने स्वखर्चाने हलवायचा, क्यूब फेल झाले तर पुढच्या तपासणीचा आणि दुरुस्तीचा खर्च कोणाचा. हे शेवटचं कलम लिहायला लोक लाजतात, पण कामाआधी जे दोन मिनिटांत ठरतं ते नंतर दोन महिन्यांतही ठरत नाही.

ग्रेड तुम्ही किंवा मिस्त्रीने ठरवायचा नाही, तो ड्रॉइंगवर लिहिलेला असतो. आयएस ४५६:२००० प्रमाणे आरसीसीला म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटला कमीत कमी एम२० लागतो, आणि कोकणात अगदी किनाऱ्याजवळ, खाऱ्या हवेत घर असेल तर एम३० पर्यंत जावं लागतं. त्यामुळे "आमच्याकडे सगळ्यांना हाच माल टाकतो" हे ऐकून गप्प बसू नका.

आणि मिस्त्रीला पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगून टाका की भाऊ, मी वजनं करणार आहे, क्यूब भरणार आहे, तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही, घर माझं आहे म्हणून. चांगला मिस्त्री याला नाही म्हणत नाही, उलट नंतर वाळू खराब आली की तोच तुम्हाला आधी हाक मारतो.

२. सळई: ठसा बघा आणि तुकडा कापून वजन करा

सळईवर कंपनीचं नाव आणि ग्रेड लोखंडातच उमटवलेला असतो. ठसाच नसलेली किंवा अस्पष्ट ठशाची सळई गाडीतून उतरवूच नका. बंडलच्या टॅगवर हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या त्या घाण्याचा नंबर असतो, तोच नंबर कंपनीच्या टेस्ट सर्टिफिकेटवर हवा. दुकानदार कधी कधी कुठल्या तरी जुन्या लॉटचं सर्टिफिकेट हातात देतो, म्हणून नंबर जुळवल्याशिवाय तो कागद घेऊ नका. आयएसआय चिन्हाखालचा लायसन्स नंबर बीआयएस केअर या मोबाईल ॲपमध्ये टाकला की ते लायसन्स कोणाचं आणि चालू आहे का ते दिसतं.

आता वजन. सूत्र सोपं आहे, मिमीमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, की एक मीटरचं वजन किलोत मिळतं. प्रत्येक जाडीच्या वेगवेगळ्या बंडलांमधून बरोबर एक मीटरचे तीन तुकडे कापा, काट्यावर ठेवा, सरासरी काढा.

- ८ मिमी: ३९५ ग्रॅम, लॉटची सरासरी ३६७ च्या खाली नको
- १० मिमी: ६१७ ग्रॅम, ५७४ च्या खाली नको
- १२ मिमी: ८८८ ग्रॅम, ८४४ च्या खाली नको
- १६ मिमी: १.५८ किलो, १.५० च्या खाली नको

१० मिमीपर्यंत ७ टक्के आणि त्याच्या वर १६ मिमीपर्यंत ५ टक्के कमी-जास्त चालतं, त्यावरून हे आकडे आलेत. एखादाच तुकडा आणखी टक्काभर कमी भरला तरी चालतो, पण सरासरी नाही.

इथे खूप लोक फसतात. ते म्हणतात, आम्ही सळई वजनावर घेतो, टनाचे पैसे टनाला दिले, मग बारीक असली तरी आमचं काय गेलं? पैसे नाही गेले, पण बीममध्ये मिस्त्री सळया मोजून टाकतो, तोलून नाही. ड्रॉइंगमध्ये १२ मिमीच्या चार सळया असतील तर तो चारच टाकणार, आणि त्या बारीक असतील तर बीममधलं लोखंड तेवढं कमी झालं. घराच्या मजबुतीत तूट आणि वर उरलेली सळई भंगारात.

वाकवून बघणं हीही खरी चाचणी आहे. १२ मिमीची एफई ५०० सळई ४८ मिमी जाडीच्या गोल पिनभोवती पूर्ण १८० अंश वाकवली तर बाहेरच्या बाजूला तडा जाता कामा नये. ताण चाचणी मात्र लॅबमध्येच होते. रिपोर्टमध्ये एफई ५००डी साठी यील्ड (सळई कायमची ताणली जायला लागते तो ताण) निदान ५०० न्यूटन प्रति चौरस मिमी आणि इलाँगेशन निदान १६ टक्के हवं, साध्या एफई ५०० ला १२ टक्के चालतं. इलाँगेशन म्हणजे तुटायच्या आधी सळई किती लांबते. कोयनेचा १९६७ चा आणि किल्लारीचा १९९३ चा भूकंप पाहिलेल्या आपल्या भागात हा आकडा मला यील्डइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण हादऱ्यात सळईने एकदम तुटण्याऐवजी ताणलं जायला हवं.

गंज? हातावर लाल पावडर येण्याइतका असेल तर वायरब्रश मारून चालतो. पापुद्रे सुटत असतील तर नको.

३. सिमेंट: तारीख आणि गाठी

गोणीवर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. मी महिन्याच्या आतलंच घ्यायचो. तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट पुन्हा टेस्ट केल्याशिवाय वापरू नये असं मानकच सांगतं. गोणी ५० किलोची, चारपाच गोण्या मधूनमधून वजन करून बघा. हात आत घालून बघा, गाठ लागली आणि ती चिमटीत दाबून पीठ झालं नाही तर ती गोणी बाजूला.

सिमेंट गार लागतं का, पाण्यावर टाकलं की आधी तरंगतं का वगैरे गोष्टी सगळीकडे सांगतात, माझ्या मते त्यावर मालाचा निर्णय करू नका. त्यातून फारतर अगदी खराब झालेलं सिमेंट ओळखू येईल, पण ५३ ग्रेड खरंच ५३ आहे का हे बोटांना कळत नाही. शंका असेल तर लॅबला द्या, तिथे सेटिंग टाइम बघतात, सुरुवातीचा ३० मिनिटांच्या आत नको आणि शेवटचा ६०० मिनिटांच्या पुढे नको, आणि मग सिमेंटचे छोटे क्यूब फोडून ताकद बघतात.

ठेवताना जमिनीवर नाही, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून लांब, आणि आधी आलेलं आधी वापरायचं.

४. वाळू: बरणीची चाचणी

नदीची वाळू आता मिळणं अवघड झालंय, बहुतेक ठिकाणी क्रश सँड म्हणजे दगड फोडून केलेली वाळूच येते, पण दोन्हींचे निकष वेगळे आहेत आणि ते एकमेकांना लावायचे नाहीत.

नदीच्या वाळूसाठी बरणी घ्या. अर्ध्या लिटर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवा. बरणीत थोडं मिठाचं पाणी, मग साधारण अर्ध्यापर्यंत वाळू, मग वरून पुन्हा पाणी, झाकण लावून जोरात हलवा, वरचा थर सपाट करा आणि तीन तास हात लावू नका. खाली वाळू बसते, वर गाळाचा वेगळा थर दिसतो. दोन्ही थर टेपने मोजा. गाळ भागिले वाळू गुणिले शंभर, ८ टक्क्यांपर्यंत असेल तर साइटवर पास धरतात. म्हणजे वाळू १० सेमी असेल तर गाळ ८ मिमीपर्यंत. हा घनफळाचा ठोकताळा झाला, लॅबमध्ये आयएस ३८३ प्रमाणे वजनाने मोजतात आणि तिथे नदीच्या वाळूत ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक माल ३ टक्क्यांपर्यंतच चालतो.

क्रश सँडमध्ये हीच मर्यादा १५ टक्के आहे, कारण त्यातली बारीक भुकटी दगडाची असते, मातीची नाही. त्यामुळे क्रश सँडला बरणीतला ८ टक्क्यांचा नियम लावून गाडी परत पाठवणं चुकीचं, आणि क्रशरवरची नुसती डस्ट आणून "ही क्रश सँडच आहे" म्हणणंही चुकीचं. फरक चाळणीवर कळतो. सप्लायरकडे सिव्ह ॲनालिसिसचा रिपोर्ट मागा, काँक्रीटसाठी झोन २ ची वाळू सोयीची, म्हणजे ६०० मायक्रॉनच्या चाळणीतून ३५ ते ५९ टक्के माल खाली जायला हवा. रिपोर्ट नाही म्हणाला तर दोन-तीन किलो नमुना स्वतः लॅबला द्या. नमुना ढिगाच्या वरून एका जागचा घ्यायचा नाही, चारपाच ठिकाणचा, आतून घेऊन मिसळायचा.

ब्रासचंही सांगतो, १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडी आली की लांबी, रुंदी आणि वाळूची उंची तीन-चार ठिकाणी मोजा. ओली वाळू फुगते, कधी कधी पावपट किंवा त्याहून जास्त, म्हणून पावसाळ्यात घमेल्याने मोजून माल केला की त्यात वाळू प्रत्यक्षात कमी पडते.

५. खडी

थोडक्यात. आपल्याकडची काळ्या दगडाची खडी ताकदीला सहसा चांगली असते, घोळ होतो तो आकारात. चपट्या आणि लांबट खड्यांचं मिळून प्रमाण ४० टक्क्यांच्या वर नको. हातात ओंजळभर घेऊन चपटे तुकडे वेगळे काढून बघा, जवळपास निम्मे निघाले तर लॅबला पाठवायचीच. खडीवर मातीचा किंवा डस्टचा लेप असेल तर धुऊन घ्या, नाहीतर सिमेंट दगडाला न धरता त्या धुळीला धरतं.

६. विटा: एक रात्र पाण्यात

उंचीवरून टाकून बघणं, दोन विटा एकमेकांवर वाजवून खणखणीत आवाज येतो का ऐकणं, हे मिस्त्री करतातच आणि कच्ची वीट त्यात लगेच पकडली जाते. पण आयएस १०७७ मधली पाणी शोषण्याची चाचणी जास्त बोलकी आहे आणि तिला जवळजवळ काही खर्च नाही.

पाच विटा निवडा, ढिगाच्या वेगवेगळ्या बाजूंनी. चांगल्या कडक उन्हात वाळवा (लॅबमध्ये ओव्हनमध्ये वाळवतात), वजन करा, २४ तास साध्या पाण्यात बुडवून ठेवा, काढून फडक्याने पुसा आणि लगेच, तीन मिनिटांच्या आत परत वजन करा. वाढलेलं वजन भागिले कोरडं वजन गुणिले शंभर. घराला वापरतात त्या विटांना सरासरी २० टक्क्यांपर्यंत चालतं. कोरडी २.८ किलोची वीट भिजून ३.३ झाली तर जवळपास १८ टक्के, पास. ३.४ झाली तर २१ च्या वर, नापास.

दुसरी चाचणी पांढऱ्या खाराची. पसरट भांड्यात २५ मिमी पाणी घेऊन वीट उभी करा, पाणी पूर्ण शोषून-सुकून जाऊ द्या, मग परत तेवढंच पाणी घालून परत सुकू द्या. विटेच्या पृष्ठभागाच्या १० टक्क्यांपर्यंत पांढरा थर आला तर किरकोळ, निम्म्यापर्यंत मध्यम आणि चालण्यासारखा, निम्म्याच्या वर गेला किंवा त्याची पावडर, पापुद्रे सुटायला लागले तर ती भट्टी सोडा. याच विटांच्या भिंतींचं प्लास्टर आणि रंग नंतर फुगून पडतं, आणि मग लोक रंगवाल्याला दोष देत बसतात.

दाबाची ताकद लॅबमध्ये, आणि ती ३.५ न्यूटन प्रति चौरस मिमीच्या खाली असेल तर ती वीट मानकात बसतच नाही.

७. पाणी

पिण्यालायक पाणी काँक्रीटला चालतं. बोअरचं मचूळ पाणी किंवा खाडीजवळच्या विहिरीचं असेल तर टेस्ट कराच: पीएच ६ च्या खाली नको, आरसीसीसाठी क्लोराईड लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत, सल्फेट ४०० पर्यंत. घरातल्या फिल्टरवाल्याच्या टीडीएस मीटरने क्लोराईड वेगळं कळत नाही, त्यावर भागवू नका. क्लोराईड जास्त असलं की आतून सळई गंजते आणि काही वर्षांनी स्लॅबचे पोपडे पडतात.

८. काँक्रीट ओतायच्या आधी टेप घेऊन वर चढा

स्लॅब उद्या आहे असं म्हटल्यावर आदल्या संध्याकाळी उजेड असताना ड्रॉइंग हातात घेऊन तपासा, सकाळी मिक्सर सुरू झाल्यावर कोणी कोणाचं ऐकत नाही.

- सळयांची संख्या, जाडी आणि दोन सळयांमधलं अंतर ड्रॉइंगप्रमाणे
- रिंगांचं अंतर, खास करून कॉलम-बीमच्या जोडाजवळ, तिथे ते कमी असतं आणि तिथेच कंटाळा केला जातो
- रिंगेचे हुक १३५ अंशात आत वळलेले, नुसते काटकोनात नाही
- कव्हर, म्हणजे सळईच्या बाहेरचा काँक्रीटचा थर: स्लॅब २० मिमी, बीम २५, कॉलम ४०, फूटिंग ५० (ड्रॉइंगमध्ये जास्त दिलं असेल तर ते)

कव्हरसाठी तयार कव्हर ब्लॉक घ्या. खडीचा तुकडा किंवा फरशीचा तुकडा सळईखाली सारणं मान्य करू नका, माल ओतताना लोक त्यावरून चालतात आणि तो सरकतो, मग सळई थेट सेंट्रिंगला टेकते आणि सेंट्रिंग काढल्यावर खालून उघडी दिसते. सगळ्याचे फोटो काढा, टेप लावून, आकडा दिसेल असे.

९. माल किती पातळ: बादली आणि स्लंप

सगळ्यात जास्त नुकसान कशाने होत असेल तर जास्तीच्या पाण्याने. पातळ माल पसरायला सोपा, म्हणून मजूर पाणी वाढवतो, यात त्याचा दोष कमी आणि आपण न सांगण्याचा जास्त. आयएस ४५६ च्या तक्त्यात एम२० च्या ठरावीक मिश्रणासाठी ५० किलोच्या एका गोणीमागे वाळू आणि खडी मिळून २५० किलो आणि पाणी जास्तीत जास्त ३० लिटर दिलंय. इंजिनिअर सहसा याहून कमीच सांगतात, २५ ते २७ लिटर, आणि वाळू ओली असेल तर तेवढं आणखी वजा करायचं. खुणा केलेली बादली मिक्सरपाशी ठेवा आणि पाईप बंद करा. हे एवढं केलं तरी पुढच्या निम्म्या कटकटी वाचतात.

स्लंपची चाचणी अशी: ३०० मिमी उंचीचा कोन ओल्या सपाट पत्र्यावर ठेवून पायांनी घट्ट धरा, थराथराने माल भरा, प्रत्येक थर १६ मिमीच्या सळईने २५ वेळा कोचा, वरचा भाग सपाट करा आणि कोन सरळ वर उचला, न हलवता. माल किती खाली बसला ते कोन शेजारी ठेवून मोजा. हाताने टाकायच्या साध्या स्लॅब-बीमला ७५ मिमीच्या आसपास ठीक, दाट सळई असेल तर १०० पर्यंत. पूर्ण कोसळून पसरला तर ती खेप वापरायची नाही. एका बाजूला घसरला तर परत एकदा करून बघा.

रेडीमिक्स घेत असाल तर गाडीच्या चलनावर ग्रेड आणि भरल्याची वेळ बघा, तेव्हापासून दोन तासांच्या आत गाडी रिकामी व्हायला हवी, आणि ड्रायव्हरला ड्रममध्ये पाणी सोडू देऊ नका, त्याला कितीही घाई असली तरी.

१०. क्यूब: खरी परीक्षा इथे आहे

क्यूब म्हणजे तुमच्याच स्लॅबच्या मालाने भरलेला १५० मिमीचा ठोकळा, तो २८ दिवसांनी मशीनमध्ये फोडतात. एका सँपलला तीन क्यूब. सँपल किती घ्यायचे तेही ठरलेलं आहे, ५ क्यूबिक मीटरपर्यंत एक, ६ ते १५ ला दोन, १६ ते ३० ला तीन. हजार स्क्वेअर फुटांच्या पाच इंची स्लॅबमध्ये बीम सोडून जवळपास पावणेबारा क्यूबिक मीटर माल लागतो, म्हणजे निदान दोन सँपल, सहा क्यूब. सात दिवसांचा अंदाज हवा असेल तर जास्तीचे तीन.

माल कुठून घ्यायचा हे महत्त्वाचं. पहिल्या खेपेचा नको, तेव्हा सगळे सावध असतात. दुपारी, काम रंगात आल्यावर, न सांगता मधल्याच एका खेपेतून घ्या. मोल्डला आतून तेल, तीन थर, प्रत्येक थर ३५ वेळा कोचायचा, वरून थापीने सपाट. दुसऱ्या दिवशी २४ तासांनी मोल्ड उघडा, क्यूबवर तारीख, जागा आणि तुमची सही मार्करने करा आणि लगेच पाण्याच्या पिंपात बुडवा. लॅबला नेईपर्यंत ते पाण्यातच राहायला हवेत. सावलीत ठेवा, उन्हात तापलेल्या पिंपात नाही.

सही यासाठी की काही ठिकाणी क्यूब वेगळेच, जास्त सिमेंटचे बनवून पाठवले जातात. एम२० च्या स्लॅबचे क्यूब ४५ आले तर पेढे वाटू नका, विचारा की हा माल नक्की कुठला. शक्यतो लॅबला स्वतः घेऊन जा आणि फोडताना समोर उभे राहा. गावाजवळ खासगी लॅब नसेल तर सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज किंवा पॉलिटेक्निकमध्ये चौकशी करा, बऱ्याच ठिकाणी फी घेऊन करून देतात.

रिपोर्ट वाचायचा कसा? क्यूबचा माथा १५० गुणिले १५० म्हणजे २२,५०० चौरस मिमी. एम२० ला २० न्यूटन लागतात, म्हणजे क्यूबने ४५० किलोन्यूटनपर्यंत तग धरायला हवा. वजन आठ किलोच्या आसपास असतं, खूपच कमी असेल तर आत पोकळ्या राहिल्यात. तिघांची सरासरी हा त्या सँपलचा निकाल, आणि त्यातला कोणताही एक सरासरीपेक्षा १५ टक्क्यांहून लांब असेल तर तो सँपलच ग्राह्य धरत नाहीत. मानकाची अट दुहेरी आहे: कोणत्याही एका सँपलचा निकाल ग्रेड वजा ३ च्या खाली नको (एम२० ला १७), आणि ओळीने चार सँपलची सरासरी निदान ग्रेड अधिक ३ (एम२० ला २३). म्हणजे सगळे सँपल काठावर १८-१९ आले तर ते पास नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

सात दिवसांना साधारण दोन तृतीयांश ताकद येते. पीपीसी (फ्लाय ॲशसारखा पदार्थ मिसळलेलं) सिमेंट थोडं हळू चढतं, म्हणून सात दिवसांचा आकडा थोडा कमी दिसला तर घाबरू नका, पण १३ च्या जागी ८ आला तर पुढचं काम थांबवून इंजिनिअरला बोलवा.

११. पाणी मारणं आणि सेंट्रिंग काढणं

क्यूब पास होऊनही स्लॅब कमकुवत राहू शकतो, कारण क्यूब पिंपात होता आणि स्लॅब उन्हात. ओपीसीला म्हणजे साध्या, काही न मिसळलेल्या सिमेंटला निदान ७ दिवस आणि पीपीसीला निदान १० दिवस स्लॅब सतत ओला हवा. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात काम असेल तर १४ दिवस धरा. सकाळ-संध्याकाळ पाईप फिरवणं म्हणजे क्युरिंग नाही, स्लॅबवर आळी करून पाणी साठवा, कॉलमला गोणपाट गुंडाळून ओलं ठेवा.

सेंट्रिंगचे टेकू: ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबला निदान ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४, बीमला ६ मीटरपर्यंत १४ आणि पुढे २१. प्लेटा दुसऱ्या साइटवर हव्यात म्हणून कॉन्ट्रॅक्टर लवकर मागतो. थंडीत तर याहून थोडे जास्तच ठेवा.

१२. जपून ठेवायचे कागद

- सही केलेलं स्ट्रक्चरल ड्रॉइंग आणि करार
- सळईचं टेस्ट सर्टिफिकेट, हीट नंबर दिसणाऱ्या टॅगचा फोटो
- सिमेंट, वाळू, खडी, विटा, रेडीमिक्स यांची चलनं तारखेसकट
- वहीतली सगळी वजनं आणि मापं, ज्या दिवसाची त्या दिवशी लिहिलेली
- क्यूबचे आणि इतर लॅब रिपोर्ट, मूळ प्रती
- ओतण्याआधीचे फोटो

१३. क्यूब फेल झाले तर

लगेच तोडायला धावू नका आणि कोणाच्या सांगण्यावरून दुर्लक्षही करू नका. आधी बघा की क्यूब नीट भरले, नीट ठेवले होते का. मग स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक टेस्ट करून कमकुवत भाग शोधायचा. एकट्या हॅमरच्या आकड्यावर निकाल लावू नका, तो पृष्ठभागाचा कडकपणा सांगतो आणि ताकदीच्या अंदाजात २५ टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. नक्की करायचं तर कोअर काढतात, म्हणजे स्लॅबमधूनच गोल नमुना कापून फोडतात. निदान तीन कोअर, त्यांची सरासरी ग्रेडच्या ८५ टक्के आणि एकही ७५ टक्क्यांच्या खाली नको, म्हणजे एम२० ला सरासरी १७ आणि एकेक १५. कोअर कुठून काढायचा ते इंजिनिअरच ठरवेल, सळई कापली जायला नको. तेही नापास झालं तर लोड टेस्ट, मजबुतीकरण किंवा तो भाग पाडणं, हा निर्णय त्याने लेखी द्यायचा. तो कागद हातात येईपर्यंत वरच्या मजल्याचं काम आणि कॉन्ट्रॅक्टरचा पुढचा हप्ता दोन्ही थांबवून ठेवा.